पक्ष्यावरचं ऊन ओळखा: अकलूज परिसरात शिकारी पक्षी टिपताना

नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याचे दोन भाग केले आहेत. कालव्यापासून नीरेच्या काठापर्यंत ऊस, केळी, मका. कालव्याच्या दक्षिणेला शिंगणापूरच्या डोंगररांगेकडे चढत गेलेला मुरमाड माळ, त्यावर कुसळी गवत, बाभळी आणि मेंढरांच्या वाटा. अकलूजमध्ये राहणाऱ्या माणसाला एकाच सकाळी दोन्हीकडे जाता येतं, हे या गावाचं मोठं सुख आहे. उसाच्या बाजूला घार, कापशी, शिक्रा. माळाच्या बाजूला सापमार गरुड, तिसा, खरुची आणि थंडीत मध्य आशियातून येणारे हॅरियर, म्हणजे आपले भोवत्या पक्षी. उत्तरेला उजनीचा जलाशय, आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा गवताळ प्रदेश. इतकं सगळं हाताशी असूनही पुष्कळांच्या छायाचित्रांत आकाश सुरेख येतं आणि पक्षी मात्र काळा पडतो.

याचं कारण बहुतेक वेळा लेन्समध्ये नसतं. कॅमेरा चौकटीत येणारा सगळा उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणून ठेवतो. चौकटीत नव्वद टक्के आकाश असेल तर तो आकाशाचा हिशोब करतो, उरलेल्या दहा टक्क्यांतल्या घारीचा नाही. म्हणून शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रणात स्वतःला एकच सवय लावा: मागचं काय चमकतंय ते सोडा, पक्ष्याच्या अंगावर ऊन किती आणि कुठून पडलंय ते आधी पाहा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका सवयीतून निघतं.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा की ऑटोवर, हा वाद माळावर दोन प्रश्नांत मिटतो. ऊन स्थिर आहे आणि पक्ष्यामागची पार्श्वभूमी बदलतेय का? की पार्श्वभूमी तशीच आहे आणि ऊन बदलतंय?

पहिली स्थिती आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रोजची. निरभ्र आकाश, आणि तासभर उजेडात फारसा फरक नाही. कापशी आधी निळ्या आकाशात एका जागी पंख फडफडवत थांबते, मग खाली सूर मारताना तिच्यामागे हिरवी ज्वारी येते, आणि उंदीर घेऊन उठते तेव्हा मागे काळी नांगरट असते. चार सेकंदांत तीन पार्श्वभूमी. तिच्या अंगावरचं ऊन मात्र तेच. अशा वेळी शटर, छिद्र आणि आयएसओ तिन्ही हाताने बांधून ठेवा आणि पक्षी कुठेही गेला तरी आकड्यांना हात लावू नका. उजेडाचं माप घ्यायला पक्षी लागत नाही. उन्हात उभं असलेलं वाळकं गवत किंवा बांधावरची हिरवळ चौकटभर घ्या, त्यावर एक चाचणी छायाचित्र काढा, हिस्टोग्राम बघा. तुमच्यावर आणि पक्ष्यावर ऊन सारखंच पडत असेल तर ते माप त्यालाही लागू होतं.

दुसरी स्थिती जून ते सप्टेंबरची. आपला भाग पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर पाऊस कोसळत असताना इथे ढगांचे तुकडे पळत असतात आणि ऊन-सावली मिनिटागणिक बदलते. दाट ढग आला की उजेड दोन ते तीन स्टॉपने पडतो, म्हणजे चौथाई किंवा त्याहून कमी उरतो. हाताने आकडे बदलत बसलात तर पक्षी निघून जाईल. इथे शटर आणि छिद्र स्वतः ठरवा, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती अंगठ्याखाली असू द्या. मागे पांढरं ढगाळ आकाश आणि पुढे घार असेल तर अधिक एक ते अधिक दोन. मागे काळी ढेकळं आणि पुढे उन्हातली कापशी असेल तर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक. ही चकती डोळ्यांनी न शोधता फिरवता यायला हवी. गच्चीवर उभं राहून गावावर फिरणाऱ्या घारींवर सराव करा. घार गडद तपकिरी, आकाश उजळ, त्यामुळे सरावाला याहून चांगला पक्षी नाही, आणि ती मटण मार्केटच्या आसपास वर्षभर भेटते.

आता थंडीतली सकाळ. जानेवारीच्या मध्यात अकलूजला सूर्य सातच्या जरा नंतर उगवतो. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना एफ/६.३ छिद्रावर १/५०० सेकंद मिळवायचा तर आयएसओ ३२०० च्या घरात जावं लागतं. उडणाऱ्या पक्ष्यासाठी ते कमीच, पण बाभळीच्या शेंड्यावर बसलेल्या तिशाला पुरेसं. साडेआठपर्यंत ऊन स्वच्छ पडलं की त्याच छिद्रावर १/२००० सेकंद आणि आयएसओ ६४० अशी सुरुवात करून पाहा. हे आकडे पाटीवर कोरलेले नाहीत. घारीसाठी त्यावर एक स्टॉप वाढवा, कापशीसाठी अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. हवेत थांबलेल्या कापशीचे पंख गोठवायला १/२००० पुरतो. सूर मारणाऱ्या तुरुमतीला १/३२०० सुद्धा कमी पडू शकतो.

आणखी एक गोष्ट फक्त ऊसपट्ट्याची. गळीत हंगामात तोडणी झाली की अनेक ठिकाणी पाचट पेटवतात. थंडीत सकाळची गार हवा जमिनीलगत दबून राहते आणि तो धूरही तिच्याबरोबर खालीच तरंगतो. नदीकाठी त्यात धुकं मिसळतं. अशा सकाळी लांबचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने धूसरच येणार. तेव्हा दोनच मार्ग आहेत: कालव्याच्या वर माळाकडे निघून जा, जिथे हवा कोरडी आणि मोकळी असते, किंवा त्या धुरालाच चित्रात घ्या. पाचट पेटलं की उघड्यावर आलेले टोळ आणि उंदीर पकडायला घारी धुराच्या कडेने घिरट्या घालतात. सूर्य समोर ठेवून, धूर सोनेरी दिसेल इतपत एक्स्पोजर ठेवून काढलेलं ते चित्र आपल्या तालुक्याचं खरं चित्र असतं. फक्त आगीच्या वाऱ्याखालच्या बाजूला उभं राहू नका, आणि शेतकऱ्याला सांगून बांधावर जा.

सूर्य कुठे आहे हे सगळे पाहतात, वारा कुठून आहे हे फार थोडे पाहतात. मला तर वारा निम्म्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो. हवेत थांबणारा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून थांबतो. फांदीवर उतरतानाही बहुधा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उतरतो, उडतानाही तसाच झेपावतो. म्हणजे वारा कळला की पक्ष्याचं तोंड कुठे असेल ते आधीच कळतं. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सकाळचा वारा साधारण पूर्व-ईशान्येकडून येतो. सूर्यही पूर्वेला. तुम्ही पूर्वेकडे पाठ करून उभे राहिलात की कापशी तुमच्याकडे तोंड करून थांबते आणि तिच्या चेहऱ्यावर थेट ऊन पडतं. तिचा लाल डोळा पेटलेला दिसतो तो याच वेळी. संध्याकाळी मात्र वारा तोच राहिला तर गणित उलटतं: ऊन पश्चिमेकडून, तोंड पूर्वेकडे, आणि तुमच्या वाट्याला उजळलेली पाठ. म्हणून हिवाळ्यात हवेत थांबणाऱ्या पक्ष्यांसाठी सकाळ राखून ठेवा.

पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि जोरदार. तेव्हा संध्याकाळी ढग फाटून ऊन पडलं की पश्चिमेकडे पाठ करून उभं राहा. वाऱ्याच्या जोरावर पक्षी जवळजवळ पंख न हलवता थांबतात. जुलै-ऑगस्टला कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांनी ही एक वेळ तरी साधावी. हिरवागार माळ, धुतलेली हवा आणि तिरपं ऊन हे तिन्ही एकत्र तेव्हाच मिळतं. वाऱ्याची दिशा पाहायला कुठलंही यंत्र नको. उसाच्या पात्यांचा कल बघा, आणि गळीत हंगामात शंकरनगरच्या साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर तर कित्येक किलोमीटरवरून वाऱ्याची दिशा दाखवतो.

दुपारचं काय? सगळी पुस्तकं सांगतात की दुपारी कॅमेरा बंद ठेवावा. हिवाळ्यातल्या सोलापूर जिल्ह्यासाठी हा सल्ला मला पुरा मान्य नाही. अकलूज १८ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून ४९ अंशांच्या वर जात नाही, तो दक्षिणेकडे कललेला राहतो. त्यामुळे उत्तरेकडे तोंड करून काम करता येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तोच सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच विरते. गरुड-ससाण्यांच्या डोळ्यांवर पुढे आलेलं हाड असतं. त्यांची ती करारी नजर त्या हाडामुळेच दिसते. डोक्यावरच्या उन्हात हेच हाड डोळ्यावर सावली टाकतं आणि डोळ्याच्या जागी काळी खोबण उरते. डोळा नसलेलं शिकारी पक्ष्याचं चित्र मी ठेवत नाही. बुबुळात उन्हाचा एक ठिपका दिसला पाहिजे, आणि त्यासाठी सूर्य खाली हवा.

दुपारची दुसरी अडचण तापलेल्या मुरमाची. साधारण दहानंतर जमिनीलगतची हवा थरथरू लागते. दोनशे मीटरवरच्या पक्ष्याच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. शटर वाढवून, फोकस पुन्हा पुन्हा बदलून काही उपयोग होत नाही, कारण दोष कॅमेऱ्यात नसून मधल्या हवेत असतो. लांबच्या बसलेल्या पक्ष्याचा नाद सोडा आणि वर बघा. त्याच तापलेल्या हवेचे खांब वर चढतात आणि त्यांवर स्वार होऊन गरुड घिरट्या घेत उंची गाठतात. सुरुवातीला ते खालीच असतात, नऊ-दहाच्या सुमारास. तेवढा अर्धा तास फार मोलाचा.

उडणाऱ्या पक्ष्याचं पोट आणि पंखांची खालची बाजू उजळते ती जमिनीवरून परतलेल्या उजेडाने. हे एकदा लक्षात आलं की कुठे उभं राहायचं ते जमीनच सांगते. फिकट मुरूम, वाळकं गवत, कापणी झालेलं ज्वारीचं रान यांवरून भरपूर उजेड वर जातो आणि सापमार गरुडाच्या पंखांवरचे पट्टे खालून स्पष्ट दिसतात. पाणी दिलेली काळी जमीन उजेड गिळून टाकते. तिच्यावरून जाणारा तोच गरुड खालून एक स्टॉपने तरी गडद येतो. उंच उडणाऱ्या पक्ष्यांसाठी म्हणून मी नेहमी कालव्याच्या वरची बाजू निवडते. काळ्या रानावरच काम करायची वेळ आली तर सूर्य खाली असतानाच करा. तेव्हा ऊन बाजूने पंखाखाली शिरतं.

उजनीवर गेलात तर हे सगळं थोडं बदलतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात जुन्या बाभळींचे वठलेले बुंधे उभे आहेत, आणि थंडीत मासेमार गरुड, म्हणजे ऑस्प्रे, त्यांवर बसतो. पाणी त्याचं पोट छान उजळवतं, पण लाटांवरची चकाकी कॅमेऱ्याला फसवते आणि तो सगळं चित्र काळवंडतो. इथेही माप हाताने बांधा, आणि ते ऑस्प्रेच्या पांढऱ्या छातीला सांभाळून. पांढऱ्या पिसांचा तपशील एकदा उडाला की संगणकावर परत येत नाही. सावलीतला तपशील मात्र रॉ फाइलमधून बराचसा काढता येतो. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की पक्ष्याच्या अगदी जवळ न्यायचं नाही, आणि त्याने मान ताणून तुमच्याकडे पाहिलं की वल्हं थांबवायचं.

रंगांबद्दल थोडक्यात. सकाळच्या पिवळ्या उन्हाला कॅमेऱ्याची ऑटो व्हाइट बॅलन्स ‘दुरुस्त’ करायला जाते आणि थंडीतली सकाळ फिकी पडते. ५२०० ते ५५०० केल्विनवर बांधून ठेवलं की ऊन आहे तसं राहतं.

उजेडाची एवढी मेहनत फक्त देखणेपणासाठी नाही. शिकारी पक्षी ओळखायला सर्वांत अवघड. वयानुसार पिसारा बदलतो, नर-मादी वेगळे दिसतात. माळावर येणाऱ्या दोन मोठ्या तपकिरी गरुडांचंच घ्या: वर्षभर राहणारा टॉनी ईगल आणि हिवाळी पाहुणा स्टेप ईगल. दुसऱ्याच्या चोचीची पिवळी कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत जाते, पहिल्याची डोळ्याच्या मध्यापर्यंतच थांबते. चेहरा सावलीत गेला की हा फरक संपला. पॅलिड आणि मोंटॅग्यूज हॅरियरच्या माद्या व पिल्लं वेगळी करायची तर पंखाची खालची बाजू आणि मानेभोवतीची फिकट कड दिसावी लागते. स्टेप ईगल आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो, टॉनी ईगल असुरक्षित गणला जातो. आपल्या तालुक्यातली एकेक नीट उजळलेली नोंद अभ्यासकांना उपयोगी पडते. म्हणून सुंदर कोनाच्या मागे लागताना बाजूने, खालून आणि चेहऱ्याचं अशी तीन साधी छायाचित्रंही घेऊन ठेवा. मराठी नावांसाठी सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ घरात असावा.

संध्याकाळी जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य बुडतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत उजेड इतक्या वेगाने उतरतो की पुन्हा ऑटो आयएसओकडे वळणं बरं. किंवा पक्ष्याचा तपशील सोडून द्या, आकाशाचं माप घ्या, त्यातून एक स्टॉप उतरवा आणि बाभळीवरच्या गरुडाची फक्त आकृती राखा. पंखांची बोटं उघडलेली असतील किंवा चोच बाजूने दिसत असेल तरच अशी आकृती बोलते. आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यातून, लांब लेन्स लावून, थेट सूर्याकडे पाहू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

याच वेळी हॅरियर रात्रीसाठी गवतात उतरतात. ते झाडावर नाही, जमिनीवर झोपतात, अनेक एकत्र. अंधारात त्यांच्यातून चालत गेलात तर दमलेला पक्षी उठतो आणि रात्रभर लांडगा-कोल्ह्यांच्या तोंडी राहतो. सूर्यास्तानंतर गवतात पाऊल टाकू नका, गाडीचे दिवे तिकडे वळवू नका. रस्त्यावरून जे दिसेल तेवढं पुरे.

जवळ जायचं तर गाडी हाच सर्वांत चांगला आडोसा. ट्रॅक्टर, बैलगाडी, मेंढपाळ यांची या पक्ष्यांना सवय असते. थांबून टक लावणाऱ्या माणसाची नसते. गाडी हळू न्या, इंजिन बंद करा, खिडकीवर ज्वारी भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. काच बंद करून आतल्या गारव्यात बसू नका, कारण गार लेन्स बाहेर काढताच दव धरते. पक्ष्याने विष्ठा टाकली, पाय सारखे केले, पंख अर्धे उघडले की तो उडण्याच्या तयारीत आहे. छायाचित्रकार या क्षणाची वाट पाहतात, पण तो आपल्यामुळे येत असेल तर मागे सरा. सकाळी उठवलेला गरुड हवा तापेपर्यंत पंख मारत राहतो आणि त्याची शक्ती उगाच खर्च होते.

कोंबडीचे तुकडे टाकून पक्षी बोलावणं, घरट्यावर ड्रोन नेणं, घरटं नीट दिसावं म्हणून फांदी वाकवणं यांना माझ्या मते कोणतीही सबब नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. टॉनी ईगल थंडीत बाभळीच्या शेंड्यावर घरटं करतो, शिक्रा उन्हाळ्यात. घरट्यावरून मादी उठली की अंडी उन्हात उघडी पडतात, आणि मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात थोडा वेळही घातक ठरतो. नान्नजसारख्या अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी घ्या. कडबनवाडीला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, तिथे आखलेली वाट सोडू नका. खासगी रानात शिरताना मालकाला विचारा. बहुतेक वेळा तेच सांगतात की कापशी रोज कोणत्या खांबावर बसते.

छायाचित्रं टाकताना घरट्याची आणि हॅरियरच्या रात्रीच्या गवताची जागा लिहू नका, फाइलमधली स्थाननोंदही काढून टाका. ‘माळशिरस तालुका’ एवढं पुरे. नोंदवहीत मात्र सगळं लिहा: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आकाश कसं होतं, कोणते आकडे वापरले, पक्षी कोणत्या तोंडाने बसला होता. पुढच्या थंडीत त्याच बांधावर कोणत्या बाजूने आणि किती वाजता उभं राहायचं, हे त्या पानांवरून ठरवता येतं.